टोपीवाला एक्स

झुल्मा: नाही सर, हा डी नाही चालायचा. दिसतो डीच, पण मशीनला तो पटत नाही.

एल्बिओ: डी तो डी. चाळीस वर्षं मी फळ्यावर एकच डी काढत आलो.

झुल्मा: फळा तुमचं सगळं सहन करायचा. ह्याला दुहेरी पाठीचा डी लागतो. हे बघा... म्हणजे बघू नका, ऐका. एस्केपचं बटण, टक्. डी दोनदा, टक् टक्. परत एस्केप, टक्. आला! पाठीच्या कण्यात दोन रेघा. आता त्याला कळलं की इथे बेरीज करत जायचं आहे, कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

एल्बिओ: आणि साधाच दिला असता?

झुल्मा: तर त्याला वाटलं असतं, डी नावाचं कुणीतरी आहे आणि त्याला एक्सने गुणायचंय. ईचं तसंच. साधा ई दिला तर तो आपला रस्त्यावरचा कुणीही ई. तुमचा तो दोन पूर्णांक सातशे अठरा वगैरे असलेला ई हवा, तर त्याला पण एस्केपच्या दोन टकटकींमधून आणावा लागतो. दिसायला जवळजवळ सारखे, आतून अगदी वेगळे. माझ्या जावांसारखे.

एल्बिओ: हे सगळं तुला कुणी शिकवलं?

झुल्मा: कोण शिकवणार? निवृत्त झाले तेव्हा गणित विभागातल्या मुलींनी मला लोकर भेट दिली. विणत बसा म्हणाल्या. मी ती लोकर नणंदेला दिली आणि ह्या गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची पुस्तिका घेऊन बसले. तीनशे पानं, इंग्रजी, मांडीवर शब्दकोश. घ्या, हा माते घ्या, तुमचा कडू पाल्याचा चहा. नळी तुमच्या बाजूला केलीय, पोळाल.

एल्बिओ: पाणी उकळू दिलंस तू.

झुल्मा: उकळू नाही दिलं. तुम्ही दर रविवारी हेच म्हणता. ऐका ना, मी काय सांगत होते. पस्तीस वर्षं मी विभागात तुम्हा लोकांची चिन्हं टाइप केली. एकाही चिन्हाने कधी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. संग्रहालयातले पुतळे पुसावेत तसं माझं काम. मग घरी, ह्या मशीनवर, पहिल्यांदा एक्सच्या वर्गाचं इंटिग्रल टाइप केलं. बरोबरच्या डीने. शिफ्ट दाबून एन्टर मारलं. आणि खाली उत्तर आलं, सर. पुतळ्याने मान वळवून विचारावं, बाई, पाणी आहे का, तसं. मी खुर्चीवरून उठले. स्वयंपाकघरात गेले, उगाच नळ सोडला, बंद केला. परत आले तर उत्तर तिथेच होतं.

एल्बिओ: एक्सचा घन भागिले तीन.

झुल्मा: तुम्हाला त्याचं काही नाही. तुमच्याशी ती लहानपणापासून बोलतात.

एल्बिओ: नाही, झुल्मा. माझ्याशी बोलायला त्यांनी फार वेळ लावला. आणि मी नेहमी नीट ऐकलं असंही नाही. किती ओळी राहिल्या?

झुल्मा: दोन. अकराव्या पानाच्या तळाच्या. ही तिसरी कार्बन प्रत आहे, शेवटी पार पुसट झालीय. मीच टाइप केलेली. तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटावं म्हणून बटणांवर अशी दणकून बोटं मारायची मी, की संध्याकाळी चमचा धरवत नसे. उद्या छापखान्यात किती वाजता द्यायचंय?

एल्बिओ: नऊला. चारशे पानांची मुद्रितं, शेवटच्या पानावर माझी सही. ऐंशी वर्षं जगल्याबद्दल माणसाचं पुस्तक काढतात, त्याने काय लिहिलं होतं हे कुणी पुन्हा वाचत नाही. दोनशे बारावं पान काढ बरं. मोठ्याने वाच.

झुल्मा: दोनशे बारा... हं. "कुमारी ओंदिना फागुंदेस यांनी मांडलेलं सूत्र खोटं आहे. डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्यात सात पदांचा फरक उरतो, आणि तो नाहीसा होत नाही. ए. उर्तियागा, जुलै १९७४." एवढंच?

एल्बिओ: तीन ओळी. तेव्हा विभागाच्या पत्रकात आल्या होत्या, सायक्लोस्टाइल केलेल्या, चाळीस लोकांनी वाचल्या असतील. त्यातली एक ती. मग तिने गणित सोडलं, मेक्सिकोला गेली, लोकशाही आल्यावर परतली आणि साल्तोला शाळेत शिकवत राहिली. उद्या मी सही केली की त्या तीन ओळी पुन्हा छापल्या जातील. ह्या वेळी पुठ्ठ्याच्या बांधणीत.

झुल्मा: आणि म्हणून तीन रविवार तुम्ही मला तिची अकरा पानं ह्यात घालायला बसवलंत.

एल्बिओ: डावीतून उजवी वजा करायची. शून्य आलं तर ती बरोबर. काही उरलं तर मी बरोबर.

झुल्मा: तुम्हाला काय यायला हवंय?

एल्बिओ: गणितात हवं-नको नसतं.

झुल्मा: मी गणिताला नाही विचारलं.

एल्बिओ: ओळ पुरी कर, झुल्माबाई.

झुल्मा: बाई म्हणालात, म्हणजे राग आला. बरं. गॅमा... एस्केप, जी, एस्केप. कंसात एक्स, स्वल्पविराम, टोपीवाला एक्स. ही टोपी ह्या मशीनवर उलटी आहे, माहितीय? आपल्या जुन्या टाइपरायटरवर आधी टोपीचं बटण मारायचं. गाडी हलत नसे. टोपी एकटीच हवेत, आणि मग एक्स गुपचूप तिच्याखाली येऊन उभा राहायचा. इथे आधी एक्स, मग वरून टोपी चढवायची. तीन आठवड्यांत दोनशे-सव्वादोनशे टोप्या घातल्या असतील. झालं. कंस बंद. वजा, उजवी बाजू. झालं, सर.

एल्बिओ: झालं?

झुल्मा: एन्टर मारू?

एल्बिओ: थांब. ही खुर्ची जरा पुढे घेऊ दे.

झुल्मा: पुढे घेऊन काय, तुम्हाला दिसणार आहे थोडंच.

एल्बिओ: मधलं दिसत नाही. कडा दिसतात. उजेड हलला तर कळतं. मार.

झुल्मा: मारलं. विचार करतोय. बाजूला उभी रेघ येते, ती काळी झाली की समजायचं आत काम चालू आहे.

एल्बिओ: ती ओरड कसली?

झुल्मा: शेजारच्यांचा रेडिओ, फुटबॉलची मॅच. गोल झाला. आपलं नाही अजून... आलं.

एल्बिओ: काय आलं?

झुल्मा: शून्य नाही, सर.

एल्बिओ: किती पदं?

झुल्मा: एक, दोन, तीन... एक ओळ भरून दुसरीत गेलंय... सहा, सात. सात.

एल्बिओ: वाचू नकोस. मी सांगतो, तू पडताळ. पहिलं, दोन गॅमा गुणिले एक्स. दुसरं, उणे गॅमाचा वर्ग. तिसऱ्यात छेद आहे, एक अधिक एक्सचा वर्ग. चौथं पुन्हा उणे, आणि त्यात लॉगॅरिदम.

झुल्मा: हो... हो... अगं बाई. हो. चौथंही. क्रम थोडा पुढेमागे आहे, पण तेच. तुम्हाला अडतीस वर्षांनी पाठ आहेत?

एल्बिओ: काही माणसांना पहिल्या प्रेमाची पत्रं पाठ असतात. म्हणजे मी बरोबर होतो.

झुल्मा: तर मग आवाज असा का येतोय? बरोबर असलेली माणसं अशी बोलतात होय?

एल्बिओ: मुद्रितं दे. पेन कुठे आहे?

झुल्मा: देते. पण सर, एक मिनिट. मला गणित कळत नाही, तुम्ही हसा. ह्या सातही पदांत टोपी आहे.

एल्बिओ: असणारच. सूत्रभर टोप्या आहेत.

झुल्मा: तशी नाही. ह्या टोप्यांना शेपूट फुटलंय. बारीक, वरच्या बाजूला, स्वल्पविराम शिडीवर चढल्यासारखा. सातही टोप्यांना.

एल्बिओ: ते अवकलनाचं चिन्ह. एक्स जरासा हलवला तर ती गोष्ट किती हलते, ते दाखवतं.

झुल्मा: असेल. पण ते मी टाइप केलेलं नाही.

एल्बिओ: एवढ्या अकरा पानांत कुठेतरी...

झुल्मा: कुठेही नाही. सर, मी काय टाइप करते ते मला समजत नाही, पण माझ्या बोटांनी काय टाइप केलं ते मला माहीत असतं. टोपीवर शेपूट, ह्या अकरा पानांत एकदाही नाही. आत्ता नाही, आणि चौऱ्याहत्तरमध्येही नाही. हे ह्याने स्वतःच्या मनाने लावलंय.

एल्बिओ: स्वतःच्या मनाने?

झुल्मा: असं कशाला करेल तो?

एल्बिओ: त्याला वाटलं तर करेल... की टोपीवाला एक्स हा एक्सवर अवलंबून आहे. एक्स हलला की टोपीवालाही हलणार. तसं असेल तर शेपूट लावायलाच हवं, त्याशिवाय चूक. पण त्याला असं का वाटावं? आपण तर सांगितलेलं नाही.

झुल्मा: सांगितलं की. मीच सांगितलं. आधी एक्स ठेवला आणि वरून टोपी घातली. त्याच्या दृष्टीने आत तोच एक्स बसलाय, फक्त टोपी घालून. ईचं होतं तसं, पण उलट. तिकडे दिसायला सारखा आणि आत वेगळा. इकडे दिसायला वेगळा आणि आत तोच. अरे देवा!

एल्बिओ: काय झालं?

झुल्मा: थांबा, सर. थांबा. मला तेव्हाची ती आठवली. ओंदिना. ती माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायची, मी टाइप करताना. येताना बिहीच्या फळाची गोड वडी आणायची, कागदात गुंडाळलेली. मी विशीची, ती चोवीसची. मी म्हटलं, काय गं, दर वेळी एक्सला टोपी, ह्याला थंडी वाजते का? तर ती हसली नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, झुल्मा, हा टोपी घातलेला एक्स नाहीये. हा दुसरा माणूस आहे.

एल्बिओ: असं म्हणाली?

झुल्मा: अगदी असंच. मला वाटलं, शिकलेल्या लोकांचा विनोद असेल.

एल्बिओ: पहिलं पान काढ. पहिल्या पानाच्या तळाशी काही होतं. बारीक अक्षरात.

झुल्मा: आहे. "टोपीवाला एक्स हा एक्सवर अवलंबून नाही, तो स्वतंत्र आहे." खाली रेघ आहे. दोनदा मारलेली. तिने परत मारायला लावली होती, म्हणाली, अजून ठळक.

एल्बिओ: मी वर्गात टोपी शिकवायचो. टोपी म्हणजे अंदाज. एक्सचा अंदाज तो टोपीवाला एक्स. साहजिकच, एक्स हलला की अंदाजही हलणार. पंचवीस वर्षं विभागात टोपी माझी होती, झुल्मा. एखादी मुलगी तीच टोपी दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर ठेवेल, हे मला सुचलंसुद्धा नाही. मी तळटीप वाचली नाही. वाचली असेल, पण डोळ्यांनी. तेव्हा डोळे चांगले होते.

झुल्मा: म्हणजे ही सात शेपटं...

एल्बिओ: चौऱ्याहत्तरमध्ये मी लावली. तिसऱ्या पानावर, पेन्सिलीने. आणि आज मशीनने लावली. तीच सात. त्याने माझी चूक केली. जशीच्या तशी.

झुल्मा: त्याची नाही, माझी. जुन्या सवयीने टोपी चढवत बसले.

एल्बिओ: आपल्या दोघांची मिळून एक सवय होती असं म्हणू. त्याला सांगता येतं का, हा दुसरा माणूस आहे म्हणून?

झुल्मा: येतं. पुस्तिकेत होतं, दोनशे चाळीसच्या आसपास. तेव्हा मला वाटलं, हे कुणाला लागणार? एक्स आणि टोपी दोघांना मिळून एका चौकटीत ठेवायचं आणि सांगायचं, हे एकच नाव आहे, आत डोकावू नकोस. थांबा... ही चौकट... त्यात एक्स, वर टोपी. जाहीर कर. केलं. आता सगळ्या ओळी पहिल्यापासून परत चालवते. ह्या वेळी आधी विस्तार करायला सांगते, म्हणजे वजाबाकी व्हायच्या आधी किती पदं होतात ते दिसेल.

एल्बिओ: किती होतात?

झुल्मा: चार हजार... चार हजार तीनशे सोळा.

एल्बिओ: परत सांग.

झुल्मा: चार हजार तीनशे सोळा पदं, सर. स्क्रीनवर मावत नाहीत. खाली खाली सरकवतेय तर संपतच नाहीत. गॅमा, लॉग, टोप्या, दुहेरी पाठीचे डी, सगळी कशी दाटीवाटीने उभी आहेत. निवडणुकीच्या दिवशीसारखी. एकाला तरी आपली जागा माहीत असेल का?

एल्बिओ: ह्यांतलं प्रत्येक दुसऱ्या कुणाला तरी खोडायला हवं. नेमकं. एक जरी एकटं उरलं तर संपलं.

झुल्मा: आणि हे तिने हाताने केलं?

एल्बिओ: चार हजार तिने लिहिली नसणार. तिने काहीतरी युक्ती केली, म्हणून अकरा पानांत झालं. कुठली ते मला माहीत नाही.

झुल्मा: माहीत नाही म्हणजे? तुम्ही तपासलं होतं ना?

एल्बिओ: तीन पानं.

झुल्मा: काय तीन पानं?

एल्बिओ: मी तीन पानं वाचली होती, झुल्मा. तिसऱ्यावर सात पदं उरली आणि मी मिटून ठेवलं. अकरा होती.

झुल्मा: तेव्हा दिवसच तसे होते, सर, लष्करी राजवटीचे. विभागाच्या दाराशी शिपाई बंदुका घेऊन उभे असायचे. माझ्या डब्यात हात घालून बघायचे. तुमच्या निम्म्या मित्रांना नेलं होतं त्यांनी.

एल्बिओ: हो. ही सबब मी बरीच वर्षं वापरली, चांगली टिकाऊ निघाली. पण त्या शिपायांनी मला चौथं पान उलटू नको असं म्हटलं नव्हतं. तेवढं मी माझं मीच केलं. मार एन्टर.

झुल्मा: मारलं.

एल्बिओ: काळी रेघ?

झुल्मा: आहे. अजून आहे. मघाशी एवढा वेळ लागला नव्हता. पंखा बघा कसा फिरायला लागलाय आतला. तुम्ही श्वास घ्या, सर, त्याने काही फरक पडत नाही त्याला.

एल्बिओ: तू पण घे.

झुल्मा: अजून चालू आहे... अजून... थांबली.

एल्बिओ: आणि?

झुल्मा: थांबा, खाली सरकवून बघते.

एल्बिओ: झुल्मा, मला दिसत नाही, काय आलंय ते सांग.

झुल्मा: एक वाटोळं आहे, सर. एवढंसं. पांढऱ्या पानावर डावीकडे, एकटंच. बाकी काहीच नाही. मी खाली सरकवून बघितलं, वर सरकवून बघितलं. चार हजार तीनशे सोळा होती हो आत्ता! आत्ता इथेच होती सगळी!

एल्बिओ: शून्य.

झुल्मा: अंगावर काटा आला माझ्या, हे बघा. म्हणजे हात लावून बघा. कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि सगळी आपापल्या जोडीदाराला शोधून निघून गेली. एकही मागे राहिलं नाही. आणि हे त्या मुलीला चोविसाव्या वर्षी, बोर्डिंगच्या खोलीत बसून, आधीच दिसलं होतं!

एल्बिओ: मोठं करता येतं ते?

झुल्मा: करते. अजून? हे घ्या. पडदाभर केलं. बशीएवढं झालंय. आता जरा बाजूला बघा, तुम्ही रस्ता ओलांडताना बघता तसं.

एल्बिओ: हं. कडा दिसतेय. काळी, गोल. मधलं मात्र नाही दिसत.

झुल्मा: सर, ह्याच्या मधे काही नाहीच आहे. तुम्हाला पूर्ण दिसतंय.

एल्बिओ: ...आभारी आहे, झुल्मा.

झुल्मा: आभार मानलेत? म्हणजे माते बस झाला, आता ओतू नको, असं ना?

एल्बिओ: नाही, नाही. तसले आभार नाहीत. ओत. आणि दोनशे बारावं पान पुढे घे.

झुल्मा: फुली मारते त्याच्यावर. आडवी, ठसठशीत.

एल्बिओ: नको. राहू दे ते. त्याच्याखाली लिही, मी सांगतो. "वरील टिपण चुकीचं आहे. फागुंदेस यांचं सूत्र खरं आहे. मी अकरापैकी तीन पानं वाचली होती." तारीख आजची.

झुल्मा: लिहिलं. पुढे?

एल्बिओ: पुढे नाही. चौथं वाक्य लिहायला घेतलं तर मी सबबी सांगायला लागेन. सही कुठे करू, बोट ठेव. झाली? आता तिचा नंबर लाव.

झुल्मा: माझ्याकडे आहे हे तुम्हाला कसं माहीत?

एल्बिओ: दर नाताळात तू "साल्तोची एक मैत्रीण" म्हणून संत्र्यांची पेटी आणतेस आणि मला चार देतेस. मला फक्त मधलं दिसत नाही, झुल्मा.

(फोन टेबलावर, स्पीकर चालू. पाच वेळा घंटा वाजते.)

ओंदिना: हॅलो? जरा मोठ्याने बोला, गॅसवर पातेलं आहे.

झुल्मा: ओंदिना, मी झुल्मा. बरी आहेस ना?

ओंदिना: झुल्मा! अगं, कडू संत्र्यांचा मुरंबा घातलाय, कोपरापर्यंत चिकट झालेय. फोन खांद्याने धरलाय. काय गं, रविवारी? कुणी गेलं का?

झुल्मा: कुणी गेलं नाही. तुझ्याशी एकांना बोलायचंय. इथेच बसलेत, ऐकतायत.

एल्बिओ: ओंदिना. मी उर्तियागा.

ओंदिना: ...सर.

एल्बिओ: शून्य येतं.

ओंदिना: काय येतं?

एल्बिओ: डावी वजा उजवी. तुझं सूत्र. शून्य येतं.

झुल्मा: आत्ता आलं, ओंदिना, माझ्या डोळ्यांदेखत. ओंदिना? आहेस ना गं?

ओंदिना: आहे. गॅस बंद करत होते.

एल्बिओ: ती सात पदं माझी होती. तुझ्या सूत्रात ती कधी नव्हतीच. टोपीवाला एक्स स्वतंत्र आहे हे तू लिहिलं होतंस, झुल्माने त्याखाली दोनदा रेघ मारली होती, आणि मी... मी तीनच पानं वाचली होती, ओंदिना.

ओंदिना: माहीत आहे.

एल्बिओ: कसं?

ओंदिना: वरची मूळ प्रत तुम्ही मला परत दिलीत ना, सर. तीन पानांवर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. बारीक बारीक, समासात. चौथ्यापासून पानं कोरी. कोपरासुद्धा मुडपलेला नव्हता.

एल्बिओ: आणि अडतीस वर्षं तू गप्प राहिलीस?

ओंदिना: कुणाला सांगणार? तुम्हाला नोकरीवरून काढलं त्याच आठवड्यात. मी बसने सीमेपलीकडे गेले, दोन कपडे आणि ती पानं घेऊन. आणि खरं सांगू का? तुम्ही वाचलं नाही हे मला माहीत होतं, तरी तुम्ही खोटं म्हणालात म्हणजे खोटंच असणार, असं वाटायचं. नंतर मी स्वतःही कधी तपासून पाहिलं नाही. भीती वाटायची. मुलांना शिकवताना मात्र एक नियम केला, वही शेवटच्या पानापर्यंत वाचायची. पोरं म्हणायची, बाई फार छळतात.

एल्बिओ: ती पानं आहेत अजून?

ओंदिना: आहेत. कपाटात, सणाच्या टेबलक्लॉथच्या खाली.

एल्बिओ: चौथ्या पानावर काय केलंस तू? इथे चार हजार तीनशे सोळा पदं झाली होती. तू ती आठ पानांत कशी घालवलीस?

ओंदिना: चौथं पान? सर, चौथं पान तर सगळ्यात... तेच तर दाखवायचं होतं मला तुम्हाला.

झुल्मा: सांगू का मी वाचून, सर? कार्बन इथेच आहे.

एल्बिओ: नको. तू बस. ओंदिना, मला आता वाचता येत नाही, डोळे गेलेत. तू वाचून दाखवशील? मला वेळ आहे.

ओंदिना: आत्ता? फोनवर?

एल्बिओ: चौथ्या पानापासून.

ओंदिना: मग थांबा, सर. ठेवू नका. हात धुते आणि चष्मा घेऊन येते.